परत घेतलेलं गुप्तदान

तेव्हा मी अगदीच लहान होते. अठ्ठावन्न वर्षांची. टेलिफोन खात्यातून नुकतीच निवृत्त झालेली, दर पंधरा दिवसांनी केस काळे करणारी, चष्मा लागलेला असूनही तो पर्समध्येच ठेवणारी, आणि आपल्याला माणसं फार चांगली कळतात अशा पक्क्या समजुतीत वावरणारी. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीकडे मागे वळून पाहिलं की हसू येतं. मधूनच तिचा कान धरावासाही वाटतो.

माणसं कळतात हा समज खात्यानेच करून दिलेला. धुळ्याला मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ट्रंककॉल हाताने जोडून द्यावे लागत. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जाळं आणि भिंतीवर पाटी, की जोडून दिल्यावर लोकांचं बोलणं ऐकू नये. त्या पाटीकडे मी रोज आदराने बघायची आणि ऐकायची. धुळ्यात कुणाचं लग्न मोडलं हे मुलीच्या बापाआधी मला ठाऊक असे. पुढे माझं लग्न झालं, जळगावला बदली झाली, तिथेच पिंप्राळ्यात घर बांधलं, यंत्रं बदलली, मी सुपरवायझर झाले. पण कान मात्र तोच राहिला. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाईंचं गादी-रजईचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. सकाळी दहाला त्यांचं कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की गल्लीत दोन माणसांना ओरडून बोलावं लागायचं. त्या मशीनपासून चार हातांवर, कापसाच्या ढिगात, भाईंची धाकटी मुलगी झोपलेली असायची. आधी दोन वर्षांची होती, मग तीनची झाली. मशीन धडधडतंय आणि पोरगी गाढ झोपलीय. अख्ख्या गल्लीला तिचं कौतुक, आणि सगळ्यांत मोठ्याने माझं.

"भाई, हे लेकरू म्हणजे देवमाणूस हो! आमची नात टाचणी पडली तरी उठून बसते."

भाई लाजून हसायचे. "शांत आहे अक्का. रडतसुद्धा कमी."

अडतीस वर्षं जिने कानाच्या जोरावर पगार खाल्ला, तिला एवढं कळलं नाही की ते लेकरू शांत नाही, त्याला ऐकूच येत नाही.

ते कळलं मॅडमना. मॅडम म्हणजे गल्लीच्या मागच्या अंगाला, भाड्याच्या दोन खोल्यांत, कानाने अधू मुलांची शाळा चालवणाऱ्या बाई. त्या एकदा दुकानात रजई टाकायला आल्या. मी तिथेच उशांचे अभ्रे निवडत होते. मशीन बंद होतं, मुलगी कापसाचे पुंजके उडवत बसली होती. मॅडमनी दोन क्षण तिच्याकडे बघितलं, शेजारचा स्टीलचा डबा उचलला, तिच्या पाठीमागे गेल्या आणि झाकण फरशीवर सोडलं. भाई दचकले, मी तर किंचाळलेच. मुलगी पुंजके उडवत राहिली.

त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मुलगी साडेतीन वर्षांची होती. मॅडमनी भाईंना समजावून सांगितलं, की कानाला मशीन लागेल, थोडंफार ऐकू येईल, पण शिकवणं लगेच सुरू व्हायला हवं. बोलणं शिकायचं वय असतं. ते निघून गेलं की नुसतं मशीन लावून फारसा उपयोग होत नाही. भाईंनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि एकच विचारलं, "बोलेल ना, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "लवकर सुरू केलं तर बोलेल."

हे 'लवकर' हीच अडचण होती. शाळेच्या एका अंगाला रिक्षांचा रस्ता, दुसऱ्या अंगाला खुद्द भाईंचं मशीन. ऐकायला शिकवायचं आणि ते या कल्लोळात! तपासणीसाठी मुलांना परगावी न्यावं लागे, कामावर खाडा करून आईबाप नेत, आणि एकदा फेरी चुकली की सहा महिने गेलेच. पाचोऱ्याहून एक आई मुलाला घेऊन रोज पॅसेंजरने यायची, तिची तर रडकथाच होती. मॅडमना शाळेतच एक बंद, निःशब्द खोली हवी होती आणि तपासणीचं यंत्र हवं होतं. खर्च चार लाख. शाळेकडे होते फळा, खडू आणि मॅडम.

धुळ्याच्या एका जुन्या व्यापारी घराण्याचा ट्रस्ट होता. त्याचे प्रमुख ऐंशी पार केलेले गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी मॅडमना शब्द दिला. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जळगावचे लोक जेवढं जमवतील, तेवढंच ट्रस्ट वर घालेल, दोन लाखांपर्यंत. म्हणजे दोन आम्ही उभे करायचे, दोन धुळ्याहून येणार. आम्ही एक जमवला तर तिकडून एकच. आम्ही हात हलवत गेलो तर त्यांचेही हात हलतेच.

मग आम्हा सात बायकांची समिती झाली. घरोघर जाऊन मागायचं असं ठरलं. वाटून घेतलेल्या घरांपैकी मी तीन घरं केली. पहिल्या घरी, "मालक बाहेर गेलेत." मालकांच्या चपला दारात होत्या. दुसऱ्या घरी शंभराची नोट, आणि ती देताना असा चेहरा की माझी किडनीच काढून देतोय. तिसरं घर आमच्या समोरच्या काकूंचं. काकूंच्या फ्रिजमधल्या थंड पाण्याची बाटली तीस वर्षांत गल्लीतल्या कुणी पाहिली नव्हती. त्यांनी मला कोमट पन्हं दिलं आणि वर सुनावलं, "माय वं! इतकी मोठी पेन्शन खाते आन् दारोदार हिंडते? तुझंच टाक ना दोन लाख, आमाले कायले छळते!"

मी घरी आले ती पेटून. मी, खात्यातली सुपरवायझर, जिच्या हाताखाली बावीस मुली, तिने हे ऐकायचं? आणि मग, खोटं कशाला बोलू, काकूंची सूचना मला आवडली. निवृत्तीचे पैसे बँकेत पडलेच होते. पण उघड नाही द्यायचे. माझी आई अधिक महिन्यात लाडवात नाणं दडवून दान करायची. गुप्तदान. त्यासारखं पुण्य नाही, असं ती सांगायची. एका अधिक महिन्यात गुरुजींचा दात हलला आणि आईचं गुप्तदान आळीभर उघडं पडलं, ती गोष्ट वेगळी. मी ठरवलं, आपण आईच्या वरताण करायची. दोन लाख, एका फटक्यात, नाव नाही, गाव नाही. मागण्याची कटकट संपली, काकूंचं तोंड बंद झालं, लेकराची खोली झाली, आणि मी आपली मनातल्या मनात थोर.

काय तो बेत! एप्रिलमधली दुपारी दीडची वेळ निवडली, कारण तेव्हा जळगावात रस्त्यावर कुत्रंही नसतं. तोंडाला स्कार्फ गुंडाळला, काळा गॉगल लावला. पाकिटावर डाव्या हाताने लिहिलं, 'मुलांसाठी. एक हितचिंतक.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डावा हात, आणि पाकीट कुठलं? तर माझ्याच खात्याचं, कोपऱ्यात छापील नाव असलेलं खाकी पाकीट. हे चुकून झालं असं मी कित्येक वर्षं सांगत आले. आता कबूल करते, चुकून नव्हतं. निदान एका माणसाला तरी संशय यावा, एवढीशी फट मी ठेवली होती. शाळेच्या दाराखालच्या दोन बोटं फटीतून नोटांनी फुगलेलं पाकीट आत सरकवलं आणि घामाने निथळत घरी आले.

दोन तास मी कुणाला सांगितलं नाही. मग ह्यांना सांगितलं.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दोन लाख?"

"हो."

"बरं केलंस. आता एक कर. गप्प राहा."

"म्हणजे काय! गुप्तदान आहे ते."

"म्हणूनच म्हटलं. ते दोन लाख देणं सोपं होतं."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. माणूस ओळखून होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी समितीला बोलावलं. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी पाकीट दाखवलं. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. ते मी आरशासमोर दोनदा बसवून पाहिलं होतं. मग सुरू झाला अंदाज. कोण असेल? एकीने केळीच्या एका व्यापाऱ्याचं नाव घेतलं. दुसरीला कुणी निवृत्त न्यायाधीश आठवले. मी हळूच म्हटलं, "पाकीट सरकारी खात्यातलं दिसतंय नाही?" तर तिसरी म्हणाली, "रद्दीतलं असेल हो." शेवटी एकमत झालं ते समोरच्या काकूंवर. का, तर, "त्या वरून कडक आहेत, पण अशी माणसं आतून मऊ असतात."

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त खाली बघून हसल्या. तीस वर्षांत त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात गल्लीत त्यांना वाकून नमस्कार होऊ लागले. एका बाईने त्यांच्या हातून भूमिपूजन करायचं सुचवलं. मी रात्रंदिवस आतल्या आत भाजत होते, भरताचं वांगं भाजावं तशी. हे मात्र पेपर वाचताना मधूनच गुणगुणायचे, "गुप्त... गुप्त..."

पण खरा घोटाळा वेगळाच होता, आणि तो दिसायला मला दहा दिवस लागले. दान येणं थांबलं. ज्यांनी 'पगार झाला की देतो' म्हटलं होतं ते म्हणू लागले, "तुमचं झालं ना आता? कुणी मोठ्या माणसाने दिले म्हणे." पापडाचे पैसे देणारा बचत गट म्हणाला, मग आम्ही यंदा सहलीला जातो. समितीतल्या बायकाही पांगल्या. आणि भाई. भाई मला आधी रोज विचारायचे, "अक्का, कुठवर आलं?" आता विचारेनासे झाले. मी दुकानावरून गेले की उठून उभे राहायचे. मला वाटलं, कृतज्ञता! किती छान वाटायचं म्हणून सांगू.

आखाजीला एकोणीस दिवस होते. मॅडम म्हणाल्या, "चला, नानांना सांगून येऊ, आपले दोन झाले. तुम्ही धुळ्याच्या माहेरवाशीण, तुम्ही बरोबर असलात तर बरं." एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने निघालो. सबंध वाट मी खिडकीबाहेर बघत मनाशी भाषण जुळवत होते. ट्रस्टने विचारलंच, तर नाईलाजाने नाव सांगावं लागेल. नाईलाजाने!

नानांची बैठक साधीच होती. लाकडी झोपाळा, पाण्याचा माठ आणि भिंतीवर कॅलेंडर. मॅडमनी सगळं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "किती घरांनी दिलं?"

मॅडम अडखळल्या. "म्हणजे... आधी थोडी घरं झाली होती. मग एकाने पूर्णच दिले."

"कोणी?"

"नाव नाही दिलं, नाना. गुप्तदान आहे."

नाना झोपाळ्यावर थोडे पुढे झाले आणि सरळ अहिराणीवर आले. "हाई गावनं दान नही शे, पोरी. एक मानूस दी ऱ्हायना आनि बठ्ठा देखी ऱ्हायनात."

हे गावाचं दान नाही, एक देतोय आणि सगळे बघतायत, हे मला चांगलंच लागलं. माहेरची बोली अशी असते, तिच्यात कानउघाडणी केली की दुप्पट लागते.

मग त्यांनी मॅडमना समजेल अशा मराठीत सांगितलं. "मी पैशाला पैसा लावत नाही. तुमचे दोन बघून माझे दोन, इतकं सोपं असतं तर माझा मुनीम पुरे होता. एका माणसावर चाललेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. तो माणूस रुसला, आजारी पडला, मुलाकडे पुण्याला गेला, की कुलूप. मला शंभर घरं दाखवा. उद्या शाळेला कुलूप लागलं तर शंभर घरांतून आरडाओरड झाली पाहिजे. तशी शाळा असेल तर बाहेरचा माणूस डोळे मिटून पैसा देतो. मीच काय, अजून चार जण देतील. तुमचं तर उलट झालंय. एकाने दिलं आणि बाकीच्यांना सुट्टी दिली. ट्रस्टचे पैसे मी असे नाही देऊ शकत."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी एवढंच म्हटलं, "नाना, एक साडेतीन वर्षांची मुलगी आहे. पुढच्या वर्षी ती साडेचारची होईल."

माझ्या डोक्यातलं जुळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं, "नाना, ते पैसे माझे."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमचे? पण मग काकू...?"

"काकूंनी नाही म्हटलं नाही, एवढंच त्यांचं दान."

नाना इतके हसले की झोपाळा कुरकुरला. मग म्हणाले, "तूच दिधं? मंग परत ले."

"काय?"

"परत घे. दुसऱ्यांदा दे, पण उघड. गल्लीत उभी राहा आणि सांग, तुम्ही जेवढं द्याल तेवढं मी. तुम्ही नाही तर मीही नाही. त्यांचा एक आला की तुझा एक सुटेल, आणि तुमच्या दोघांच्या दोनावर माझे दोन. एकाचे चार. हे कानाकानांत जाऊ दे. मग बघ."

"नाना, दिलेलं दान परत घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की. तेवढ्यासाठी तरी येतील."

परतीच्या एस.टी.त मी थोडा वेळ रडले. पारोळ्याच्या पुढे माझ्या लक्षात आलं, की लोकांचा एक आणि माझा एक म्हटल्यावर जळगावच्या दोन लाखांत माझा एकच लाख जाणार. एक वाचणार! मला एकदम बरं वाटलं. खिडकीतून वारा यायला लागला. तेवढ्यात मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उरलेल्याचं बघू आपण नंतर. कानाच्या मशीनला सेल फार लागतात." तोंडाकडे बघून मनातलं वाचायची त्या बाईंना सवयच. मुलांमुळे लागलेली.

पाकीट शाळेच्या कपाटात तसंच होतं. पावती कुणाच्या नावाने फाडावी हे न कळल्याने मॅडमनी ते बँकेत भरलंच नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. डाव्या हाताने लिहिलेली ती वाकडी अक्षरं बघून मला इतकी लाज वाटली, की तशी लाज मी नंतर फक्त एकदाच अनुभवली, नव्या दातांची कवळी लग्नाच्या पंगतीत पडली तेव्हा.

रविवारी सकाळी, भाईंचं मशीन बंद असताना, गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांना गोळा केलं. ट्रंककॉलच्या दिवसांत धुळे-मुंबई ऐकू जाईल असा माझा आवाज. मी सांगून टाकलं. पाकीट माझं होतं. काकूंचं नव्हतं. आणि आता ते मी परत घेतलंय.

त्यावर जे हसू फुटलं! कुणीतरी मागून ओरडलं, "अक्का, मागच्या वर्षीचा हळदीकुंकवाचा डबा पण परत पाहिजे का?" दुसरी म्हणाली, "आमच्या बाळाला दिलेलं अंगडं धुऊन ठेवते हो!" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आठवडाभराचे नमस्कार हिरावून घेतल्याचा राग त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

मी म्हटलं, "हसा. पण अट ऐका. तुम्ही जेवढं द्याल तेवढंच मी देणार. आणि आपल्या दोघांचं मिळून जेवढं होईल तेवढं धुळ्याहून येणार. आखाजीपर्यंत. तुम्ही काहीच दिलं नाही, तर माझा एक पैसा जायचा नाही. मी या पैशांत काश्मीर बघून येईन."

हे शेवटचं नानांनी शिकवलेलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं, आणि सगळी करामत त्याच वाक्याने केली.

काकू घरात गेल्या आणि बाहेर आल्या. माझ्या हातात पाचशेची नोट आपटली. "घे! जाऊ दे तुझे बी पाचशे. पाहाते कशी जाते काश्मीरले!"

त्या एका नोटेने बांध फुटला. लोक शाळेला देत नव्हते, माझ्याकडून काढत होते. सकाळी दूध आणायला गेले की डेअरीवाला म्हणायचा, "अक्का, आज दोनशे टाकले. तुमचे निघाले का?" बचत गटाने सहल रद्द केली, का, तर अक्काची सहल रद्द झाली पाहिजे. ज्या मालकांच्या चपला दारात असायच्या ते स्वतः चालत आले. मुलं गोट्यांच्या डावात ओरडायची, "एकाचे चार! एकाचे चार!" मी जिथे जाईन तिथे तोंड पाडून दाखवायची. जेवढं माझं तोंड वाईट, तेवढी नोट मोठी. अडतीस वर्षांच्या नोकरीत केलं नसेल एवढं नाटक मी त्या पंधरा दिवसांत केलं. हे मात्र म्हणाले, "नाटक कसलं, तुला खरंच वाईट वाटतंय." तेही होतंच थोडं.

एक मात्र येत नव्हते. भाई. आखाजीच्या चार दिवस आधी मीच दुकानात गेले. मशीन बंद करून ते उठून उभे राहिले. मी म्हटलं, "भाई, सारखे उभे काय राहता? बसा."

बसले नाहीत. म्हणाले, "अक्का, एक बोलू? राग नका धरू. त्या वेळी कोणी सगळे पैसे देऊन टाकले म्हणून कळलं ना, मला रात्री झोप नाही आली. खुशी झाली, झूठ नाही बोलत. पण मी पोरीसाठी तीन हजार बाजूला काढले होते. मॅडमकडे घेऊन चाललो होतो. मग वाटलं, आता माझ्या तीन हजाराला कोण पुसतं? सगळं तर झालंच. माझ्याच पोरीचं काम, आणि बापाला जागाच नाही राहिली. म्हणून उठून उभा राहत होतो. ज्याचं खाल्लं त्याच्यासमोर बसायचं कसं, आणि तो कोण हेच माहीत नाही. मग सगळ्यांसमोरच उभं राहायचं."

मी कापसाच्या गाठोड्यावर बसले. मी आपली कृतज्ञता समजून रोज दोन वेळा त्या दुकानावरून मुद्दाम जात होते.

"भाई," मी म्हटलं, "ते तीन हजार आहेत की संपले?"

"आहेत."

"मग द्या की. माझेही तीन हजार जाऊ द्या. गल्लीत सगळ्यांनी मला लुटलं, तुम्हीच मागे का?"

तेव्हा ते हसले. आणि बसले. मग म्हणाले, "पैसे तर देतोच. पण अक्का, ती खोली बंद करायची तर भिंतींना काय लावणार? मॅडमनी कागद दाखवला होता, बाहेरून मागवायचं म्हणतात, फार महाग आहे. मी कापसाच्या जाड गाद्या टाके मारून भिंतीवर बसवून देतो. माझ्या मशीनचा आवाज माझ्याच कापसाने अडवतो."

मॅडमनी यंत्रवाल्यांना विचारलं. कान तपासायला मुलाला आत बसवतात त्या पेटीला त्यांचंच साहित्य लागणार होतं, पण शिकवायच्या खोलीला भाईंच्या गाद्या चालतील असं ते म्हणाले. आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही देणाऱ्यांची यादी घेऊन धुळ्याला गेलो. एकशे सदतीस घरं. नानांनी रकमा पाहिल्याच नाहीत, बोटाने नावं फक्त खाली खाली वाचत गेले. शेवटी 'भिंतींच्या गाद्या, पिंप्राळा' असं लिहिलं होतं तिथे थांबले आणि म्हणाले, "हाई खरी पावती." धनादेशावर तिथेच सही केली. निघताना मला म्हणाले, "आते काश्मीर?"

"कसलं काश्मीर, नाना. भुसावळसुद्धा नाही."

आखाजीला गल्लीत झोके बांधले होते, माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत होत्या, आणि काकू सगळ्यांना सांगत होत्या, "पहिली नोट माझी!" ते मात्र अगदी खरं होतं. पुढे मॅडमनी त्या यादीच्या जोरावर आणखी दोन ट्रस्टांकडून मदत आणली. आधी ते कागद मागायचे, आता यादी बघितली की बसायला खुर्ची द्यायचे. माझा वाचलेला लाख सेलमध्ये गेला, हे वेगळं सांगायला नको.

खोली पावसाळ्यानंतर तयार झाली. पहिल्या दिवशी भाई दुकान बंद करून आले. मुलीच्या दोन्ही कानांना मशीन लावलं, मॅडमनी हळूच ढोलकी वाजवली. मला वाटलं, आता ती हसेल, आम्ही सगळे रडू. ती भोकाड पसरून रडली, मशीन ओढून काढलं आणि मॅडमच्या हाताला चावली. असं तीन महिने चाललं. मग एक दिवस भाई धावत आमच्या दारात आले. पिंजायचं मशीन सुरू केल्याबरोबर ती दचकून जागी झाली होती.

"रडली अक्का! झोपेतून उठून रडली!" असं म्हणत तो माणूस लहान पोरासारखा नाचत होता.

आता ती सोळा वर्षांची आहे. बोलते. जरा जाड, जरा नाकातून, पण थांबत नाही. आणि माझे कान गेले. मॅडमच्या त्याच खोलीत, गाद्यांच्या भिंतींमधल्या त्या पेटीत बसून मी तपासून घेतलं आणि मलाही मशीन लागलं. सेल बदलायला ही पोरगी येते. काकू बोलायला लागल्या की मी ते हळूच बंद करते आणि मान हलवत राहते. कुणाला कळत नाही. परवा गच्चीवर पापड वाळवताना काकूंची सुनेबद्दल कहाणी चालली होती, मी मान हलवत होते. पोरीने माझ्या कानाकडे पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, तुमचं मशीन बंद आहे!"

काकूंनी लाटणं उगारलं. माझं एकही गुपित त्या पोरीपाशी टिकत नाही, आणि तिला हा आवाज यावा म्हणून मी गल्लीभर स्वतःला लुटून घेतलं.